बिडाचे कान : टे नदीवरचा रेल्वेपूल का कोसळला

बिडाचा तवा ज्यांच्या घरात आहे त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही : हा तवा हातातून सुटू द्यायचा नाही. आमच्या आजीकडे असा एक तवा होता, खास घावनांसाठी राखलेला. एकदा तो ओट्यावरून फरशीवर पडला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. त्याच्याबरोबरच पडलेलं लोखंडी उलथणं नुसतं वाकलं. आजीनं ते वरवंट्यानं ठोकून सरळ केलं आणि पुढे कित्येक वर्षं वापरलं. तव्याची तुटलेली कड मी तेव्हा निरखून पाहिली होती. आतून करडी आणि दाणेदार, आणि एका जागी हरभऱ्याएवढी पोकळी. ओतताना आत हवा अडकली की तशी पोकळी राहते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या पहिल्या रेल्वेपुलाची गोष्ट समजायला एवढं भांडवल पुरतं. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री हा पूल वादळात कोसळला. त्यावरून जाणारी आगगाडी सगळ्या प्रवाशांसह नदीत गेली, एकही माणूस वाचला नाही. पूल उघडून तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. ‘वादळ मोठं होतं, पूल पडला’ असं या घटनेचं वर्णन बरेचदा एका वाक्यात होतं. पण त्याच वादळात, त्याच नदीत, त्याच पुलाचे बाकीचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, उभे राहिले. पडले ते मधले तेरा. ते तेराच का, हा खरा प्रश्न आहे.

पूल हवाच होता

एडिनबरा आणि डंडी ही दोन शहरं नकाशावर जवळ दिसतात. पण मध्ये समुद्र दोन ठिकाणी खोल आत शिरला आहे. दक्षिणेला फोर्थची खाडी, उत्तरेला टेची. १८७० च्या सुमाराला एडिनबऱ्याहून निघालेला प्रवासी आधी गाडीनं ग्रँटनच्या धक्क्यावर यायचा, बोटीनं फोर्थ ओलांडून बर्न्टआयलंडला उतरायचा, तिथून पुन्हा गाडी, टेच्या काठाशी पुन्हा बोट, आणि पलीकडे उतरून डंडीसाठी आणखी एक गाडी. या सगळ्याला तीन तासांहून जास्त वेळ लागायचा, तोही समुद्र शांत असला तर. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात तो शांत असेलच असं नाही.

आणि डंडी काही लहानसहान गाव नव्हतं. बंगालमधून जहाजांनी येणारा ताग इथल्या गिरण्यांमध्ये कातला जायचा, विणला जायचा, आणि त्याची पोती जगभर जायची. गिरण्यांना कोळसा लागे, माल बाहेर न्यायला गाडी लागे. नॉर्थ ब्रिटिश रेल्वे या कंपनीची पंचाईत अशी, की तिच्या प्रतिस्पर्धी कॅलिडोनियन कंपनीची गाडी पर्थवरून वळसा घालून, एकदाही बोटीत न चढता, थेट डंडीत पोचत होती. पूल बांधणं ही नॉर्थ ब्रिटिशची गरजच होती.

काम मिळालं थॉमस बाऊच या अभियंत्याला. हा माणूस नवखा नव्हता. १८५० मध्ये फोर्थच्या खाडीवर मालगाडीचे डबे रुळांवरूनच थेट बोटीत चढवायची व्यवस्था त्यानंच बसवली होती. जगातली अशी ती पहिली. कमी पैशात रेल्वेमार्ग बांधून देणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. १८७० मध्ये संसदेनं पुलाला मंजुरी दिली, १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि १ जून १८७८ पासून प्रवासी गाड्या धावू लागल्या. खर्च सुमारे ३ लाख पौंड. लांबी जवळजवळ दोन मैल, गाळे ८५. त्या वेळी जगातला सर्वांत लांब पूल. १८७९ च्या जूनमध्ये राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि त्याच महिन्यात बाऊचला ‘सर’ ही पदवी मिळाली.

नदीनं दिलेला पहिला धक्का

मूळ आराखड्यात खांब विटांचे होते. भरभक्कम, जड, पाण्यातून थेट वरपर्यंत. त्यासाठी तळाला खडक लागतो. काम सुरू होण्याआधी नदीच्या तळात भोकं पाडून पाहणी झाली होती आणि खडक आहे असा निर्वाळाही मिळाला होता. काठाजवळच्या खांबांना तो लागलाही. पण काम नदीच्या मध्याकडे सरकलं तेव्हा उघडं पडलं, की ज्याला खडक समजलो तो घट्ट बसलेल्या वाळू-गोट्यांचा थर आहे, आणि त्याच्याखाली मऊ गाळ आणि माती.

अशा जमिनीवर विटांचा उंच खांब उभा केला तर तो स्वतःच्याच वजनानं खचणार. म्हणून बाऊचनं आराखडा बदलला. पाया जास्त रुंद केला, खांबांची संख्या कमी करून गाळे लांब केले, आणि खांब हलके केले. पाण्याच्या थोडं वर येईपर्यंत दगड-विटांचा चौथरा, आणि त्यावर बिडाचे सहा पोकळ नळ उभे. चार पंधरा इंच व्यासाचे, दोन अठरा इंचांचे. नळांचे तुकडे एकावर एक ठेवून बोल्टनं जोडायचे, असे सात थर.

हा बदल काही वेडेपणाचा नव्हता, हे इथं सांगायला हवं. बाऊचनंच १८६० मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला बेला इथल्या दरीवर बिडाच्या नळांचा पूल बांधला होता, आणि तो १९६० च्या दशकात मुद्दाम पाडेपर्यंत उभा होता. पण बेलाच्या खांबांचे पाय खाली रुंद पसरलेले होते, उंच शिडी लावताना आपण पाय फाकवतो तसे. टेवरच्या खांबांना तशी ऐसपैस बैठक नव्हती. चौथरा रुंद करायचा म्हणजे पाण्याखालचं काम वाढणार, आणि पाण्याखालचं काम सर्वांत महाग.

आता त्या तेरा गाळ्यांकडे येऊ. टे नदीतून शिडाची जहाजं वर पर्थपर्यंत जायची. त्यांच्या डोलकाठ्या खालून जाव्यात म्हणून पुलाच्या मध्यभागी भरतीच्या पाण्यापासून ८८ फूट जागा मोकळी ठेवायची होती. पुलाच्या इतर भागात गाडी गर्डरच्या, म्हणजे खांबांवर आडव्या टेकलेल्या लोखंडी तुळयांच्या, डोक्यावरून धावायची. या तेरा गाळ्यांत मात्र गर्डर रुळांच्या वर चढवले, म्हणजे गाडी त्यांच्या तळाशी, जाळीदार पिंजऱ्यातून जायची. प्रत्येक गर्डर सुमारे २७ फूट उंच. अकरा गाळे २४५ फूट लांबीचे, दोन २२७ फुटांचे. तेव्हा सर्वांत लांब गाळे, सर्वांत उंच खांब आणि वाऱ्याला सर्वांत मोठी आडवी बाजू या तिन्ही गोष्टी एकाच जागी, नदीच्या ऐन मध्यात आल्या.

मांडवाचे बांबू आणि कढईचे कान

असा उंच खांब वाऱ्यात टिकतो कसा? लग्नाचा मांडव आठवा. उभे बांबू कितीही जाड घेतले तरी नुसत्या उभ्या बांबूंवर मांडव टिकत नाही, वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं एका बाजूला कलायला लागतं. म्हणून मांडववाले तिरके बांबू लावतात आणि प्रत्येक जोड सुंभानं करकचून आवळतात. मांडवाची खरी ताकद त्या तिरक्या बांबूंत आणि त्यांच्या गाठींत असते. वळवाच्या वाऱ्यात मांडव पडतो तेव्हा बांबू क्वचितच मोडलेले असतात, गाठी सुटलेल्या असतात.

टेच्या खांबातही तेच होतं. सहा नळ उभे, आणि त्यांच्यामध्ये प्रत्येक थरात फुलीच्या आकारात बसवलेल्या चपट्या लोखंडी पट्ट्या. वारा पश्चिमेकडून आला की फुलीतली एक पट्टी ताणली जाते आणि खांबाला कलू देत नाही. दुसरी त्या वेळी सैल असते, तिची पाळी वारा उलटा फिरला की. या पट्ट्या घडीव लोखंडाच्या होत्या, म्हणजे आजीच्या उलथण्याच्या जातीच्या.

पण पट्टी नळाला जोडायची कशी? नळ ओततानाच त्याच्या अंगावर बाहेर आलेले कान ओतले होते, आपल्या कढईला असतात तसे. त्या कानाला भोक, भोकात बोल्ट, बोल्टला पट्टी. पट्टी ताणून घट्ट करायला दुसऱ्या टोकाला खाचेत पाचर ठोकायची. सगळ्या गोष्टीचं मूळ या कानात आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण तीन-चार टक्के असतो, आणि तो ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपानं आतभर पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या आत आधीच पडलेल्या बारीक चिरा समजा. वरून दाब दिला तर चिरा मिटतात, म्हणून बिडाचा खांब प्रचंड वजन पेलतो. ओढलं तर चिरा उघडतात, आणि एक उघडली की पुढची उघडते. वाकणं, ताणलं जाणं असला कुठलाही इशारा न देता वस्तू तुटते. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. ते तापवून, ठोकून, लाटून केलेलं असतं, त्यामुळे ते ओढ सोसतं, आणि हार मानण्याआधी वाकून दाखवतं.

हे १८७० मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनसारख्या नामांकित अभियंत्याच्या पुलाची बिडाची तुळई गाडीखाली तुटली होती आणि पाच माणसं गेली होती. तेव्हापासून बिडाला ओढ द्यायची नाही, दाबच द्यायचा, हे अभियंत्यांना कळून चुकलं होतं. टेच्या पुलातही तुळया घडीव लोखंडाच्याच होत्या आणि बिडाचे नळ वजन पेलायलाच उभे केले होते. इथपर्यंत सगळं बरोबर. पण वारा आडवा ढकलतो, ते ढकलणं पट्टीत ओढ होऊन उतरतं, पट्टीतून बोल्टमध्ये जातं आणि बोल्टमधून बिडाच्या कानावर. जिथं ओढ येऊ द्यायची नाही, नेमकी तिथंच ती येत होती.

भोकांचीही एक कथा आहे. ती ड्रिल करून पाडली नव्हती, नळाबरोबर ओतूनच घेतली होती. साच्यातून खुंटी सहज निघावी म्हणून ती थोडी निमुळती ठेवतात, तेव्हा भोकही निमुळतं होतं. सरळ बोल्ट निमुळत्या भोकात घातला की तो सगळीकडून टेकत नाही, एका कडेवर टेकतो. सगळी ओढ त्या एका कडेवर. पूल पडल्यावर डेव्हिड कर्कल्डी या लंडनच्या नावाजलेल्या तपासनिसानं उरलेल्या खांबांचे कान यंत्रात ओढून पाहिले. ६० टनांपर्यंत टिकावेत अशी अपेक्षा असलेले कान २० टनांच्या आसपास तुटत होते.

मेण, राळ, कीस आणि काजळी

नळ ओतायची फौंड्री पुलाच्या दक्षिण टोकाला, वर्मिट इथं नदीकाठीच उभारली होती. पुलाचं काम आधी एका कंत्राटदाराकडे होतं. त्याच्यानं ते निभावलं नाही, तेव्हा १८७४ मध्ये ते मिडल्सबरोच्या हॉपकिन्स, गिल्क्स या कंपनीकडे गेलं. फौंड्रीत काम केलेल्यांनी पुढे चौकशीत सांगितलं, की वापरलेलं लोखंड हलक्या प्रतीचं होतं, नीट वाहत नव्हतं. ओतलेल्या नळांमध्ये पोकळ्या राहायच्या, भिंतीची जाडी एका बाजूला जास्त तर दुसऱ्या बाजूला कमी यायची.

असा नळ बाजूला काढायचा आणि वितळवून पुन्हा ओतायचा, हा सरळ मार्ग. तिथं पोकळ्या बुजवल्या जायच्या. मेण, व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचं मिश्रण गरम करून भोकात भरायचं. थंड झाल्यावर ते घट्ट होतं, दगडानं घासलं की लोखंडासारखं चकाकतं. बघणाऱ्याला नळ अखंड दिसतो. कामगारांमध्ये या लेपाला ‘बोमाँटचं अंडं’ म्हणत. बाऊच फौंड्रीत क्वचितच यायचा, आणि तिथं काय चाललं आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं त्याचं म्हणणं.

मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त चीड येते ती या लेपाची. गणितात चूक होऊ शकते, वाऱ्याचा अंदाज चुकू शकतो. भोक दिसत असताना ते मेणानं बुजवणाऱ्या हाताला मात्र पक्कं माहीत असतं, की आपण काय करतो आहोत.

वारा किती धरायचा

वाऱ्याचा जोर तेव्हा ‘एका चौरस फुटावर किती पौंड’ असा मोजत. फूट-बाय-फूटच्या एका फरशीवर वारा किती वजनानं रेलतो, असं समजा. फ्रान्समधले अभियंते पूल बांधताना ५५ पौंड धरत होते, अमेरिकेत ५०. म्हणजे प्रत्येक फरशीवर तेवीस-पंचवीस किलो. बाऊचनं टेच्या पुलासाठी वाऱ्याची वेगळी अशी तजवीजच केली नव्हती, हे त्यानं चौकशीत स्वतः कबूल केलं. फोर्थवरच्या दुसऱ्या एका नियोजित पुलासाठी सल्ला विचारला गेला तेव्हा ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १० पौंड पुरे, असं कळवलं होतं. साडेचार किलो. बाऊचच्या मनात तो आकडा राहिला.

फरक किती पडतो, ते बघा. रेल्वेच्या एका डब्याची बाजू दोनशे चौरस फूट धरू या. १० पौंडांच्या हिशेबानं त्या डब्यावर वाऱ्याचा रेटा एक टनाहून कमी येतो, ५५ पौंडांच्या हिशेबानं पाच टन. आणि हा रेटा पाण्यापासून नव्वद फुटांवर, खांबाच्या माथ्यावर बसतो. शिडी ढकलून पाडायची असेल तर आपण तिला वरून ढकलतो, खालून नाही. गर्डरच्या जाळीतून वारा थोडा आरपार जातो. गाडी आत शिरली की जाळीत पाटी बसवल्यासारखं होतं.

खडखड

पूल उघडण्याआधी सरकारी रेल्वे निरीक्षक मेजर जनरल हचिन्सन यांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये तीन दिवस त्याची तपासणी केली. इंजिनांमागे इंजिनं जोडून त्यावरून नेली, पूल किती दबतो ते मोजलं. पूल उत्तम उतरला. पण ही परीक्षा वजनाची होती, आणि वजन खाली जातं. आडव्या रेट्याची परीक्षा झाली नाही. जोराचा वारा असताना गाडी जाताना पुलाचं काय होतं ते बघायची इच्छा हचिन्सननी अहवालात लिहून ठेवली होती. तो योग आला नाही. ताशी २५ मैलांची वेगमर्यादा मात्र त्यांनी सुचवली.

देखभालीसाठी हेन्री नोबल या माणसाला नेमलं होतं. तो मूळचा विटांच्या कामातला, पायाच्या बांधकामाचा जाणकार. लोखंडाचा त्याला अनुभव नव्हता आणि ते पारखायला दुसरं कुणी नेमलेलंही नव्हतं. ऑक्टोबर १८७८ मध्ये गाडी जात असताना त्याला खांबांमधून खडखड ऐकू आली. जवळ जाऊन पाहिलं तर फुलीच्या पट्ट्या सैल झालेल्या. पाचर ठोकून घट्ट कराव्यात तर पाचरी आधीच खाचेच्या शेवटापर्यंत गेलेल्या. मग त्यानं फटींमध्ये लोखंडाचे तुकडे बसवले, शंभराच्या आसपास जागी. खडखड थांबली. ही गोष्ट त्यानं बाऊचला सांगितली नाही.

नोबल मला खलनायक वाटत नाही. दारातून वारा आला की करकर वाजू नये म्हणून आपण घडी केलेला कागद खोचतो, तसं त्यानं केलं. पण पट्टी सैल झाली याचा अर्थ तिची लांबी वाढली किंवा तिला धरणारा कान झिजला-चिरला, हे लोखंड ओळखणाऱ्याच्या लगेच ध्यानात आलं असतं. शिवाय जी पट्टी सैल असतानाच जखडली, ती खांबाला त्याच्या कललेल्या अवस्थेतच धरून ठेवते. काही नळांना उभ्या चिरा पडल्या होत्या, त्यांच्याभोवती लोखंडी पट्टे आवळले. हे मात्र बाऊचला कळवलं होतं.

१८७९ च्या उन्हाळ्यात पुलाला रंग देणाऱ्या कामगारांनी गाडी आली की पूल हलतो, हे अंगानं अनुभवलं. बोल्ट गळून पडलेले त्यांना दिसत. प्रवाशांपैकी काही जण घड्याळ लावून गाडीचा वेग मोजत, तो २५ मैलांहून पुष्कळ जास्त भरे. डंडीचे एक माजी नगरप्रमुख स्वतः अभियंता होते. त्यांनी स्टेशनमास्तरकडे तीनदा तक्रार केली, फरक पडला नाही, तेव्हा उत्तरेकडे येताना त्यांनी पूल सोडला आणि खिशात पास असून पुन्हा बोटीनं येऊ लागले. ऐकणारे, पाहणारे, मोजणारे लोक होते. एकाकडे खडखड होती, दुसऱ्याकडे गळालेला बोल्ट, तिसऱ्याकडे घड्याळ. हे तिन्ही एका टेबलावर ठेवून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

रविवारची गाडी

त्या रविवारी संध्याकाळपासून वारा वाढत होता. टेच्या पात्रात नांगरलेल्या ‘मार्स’ या प्रशिक्षण जहाजावर त्याची नोंद दहा ते अकरा अशी झाली, म्हणजे बारापर्यंत जाणाऱ्या वादळी वाऱ्याच्या मापावर जवळजवळ टोक. पुलावरून त्याआधी गेलेल्या स्थानिक गाडीच्या चाकांतून ठिणग्या उडत होत्या, कारण वारा डब्यांना रुळांच्या कडेवर दाबत होता.

एडिनबऱ्याच्या प्रवाशांना घेऊन येणारी गाडी वर्मिटच्या सिग्नल केबिनपाशी सव्वासातच्या सुमारास आली. पुलावर एकच मार्ग होता, म्हणून ज्याच्या हाती दांडकं त्याचीच गाडी पुलावर, असा नियम. आपल्याकडे एकेरी मार्गावर टोकन देतात तेच. सिग्नलमन थॉमस बार्कलेनं ७ वाजून १३ मिनिटांनी दांडकं दिलं, गाडी पुढे गेली, तो केबिनमध्ये परतला. त्याच्याबरोबर जॉन वॉट हा सहकारी होता. वॉट दारातून मागचे लाल दिवे बघत राहिला. चाकांपाशी ठिणग्या दिसू लागल्या, तीनेक मिनिटं दिसत राहिल्या. मग वाऱ्याचा एक जबर झोत, एक लख्ख चमक, आणि काळोख. बार्कलेनं तारयंत्र चालवून पाहिलं. डंडीशी जोडणाऱ्या तारा पुलावरूनच गेल्या होत्या. यंत्र मुकं झालं होतं.

पलीकडून डंडीचे स्टेशनमास्तर जेम्स स्मिथ आणि इंजिनशेडचे प्रमुख जेम्स रॉबर्ट्स हे दोघं त्या वाऱ्यात पुलावर निघाले. उभं राहणं अशक्य झालं तेव्हा हातापायांवर रांगत पुढे गेले. एका जागी रूळ संपले होते. पुलावरून गावाला पाणी नेणारा नळ तुटला होता आणि त्याची धार वाऱ्यावर उडत होती. ढगांतून चंद्र डोकावला की मधली मोठी मोकळी जागा दिसे, आणि तिच्यात चौथऱ्यांवर उरलेले खुंट.

गाडीत किती जण होते हे ठरवायला तिकिटं कामी आली. पुलाआधीच्या सेंट फोर्ट स्टेशनवर ती गोळा केली होती, तेव्हा ती काठावरच राहिली होती. वर्षानुवर्षं ७५ हा आकडा सांगितला जायचा. मृत्यूच्या नोंदी तपासून नंतर ५९ जणांची नावं निश्चित झाली, आणि २०१३ मध्ये दोन्ही काठांवर उभारलेल्या स्मारकांवर तीच कोरली आहेत. ४६ देह सापडले, बाकीचे नदीनं ठेवून घेतले.

पाणबुडे खाली गेले तेव्हा इंजिन आणि डबे गर्डरच्या पिंजऱ्यातच सापडले, म्हणजे गाडी आधी बाहेर फेकली गेली नव्हती, ती पिंजऱ्यासकट गेली होती.

चौकशी

आठवड्याभरात चौकशी सुरू झाली. तिघे जण होते : जहाजांच्या अपघातांची चौकशी करणारे आयुक्त हेन्री रॉदरी, रेल्वे निरीक्षक कर्नल योलंड आणि अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष विल्यम हेन्री बार्लो. डंडीच्या व्हॅलेंटाइन या छायाचित्रकारांकडून मोडक्या खांबांचे, तुटलेल्या कानांचे फोटो काढून घेतले गेले. अपघाताच्या तपासात फोटोंचा असा पद्धतशीर वापर तेव्हा नवाच होता.

बाऊचनं बाजू मांडली, की वाऱ्यानं शेवटचे डबे रुळावरून उतरले, गर्डरवर आदळले आणि म्हणून पूल गेला. चौकशीला ते पटलं नाही. जून १८८० च्या अहवालात तिघांचं एकमत झालं, की वाऱ्याच्या रेट्यानं तिरक्या पट्ट्या आणि त्यांचे जोड निकामी झाले. रॉदरींनी त्यापुढे जाऊन लिहिलं, की पुलाची रचना वाईट, बांधणी वाईट आणि देखभालही वाईट, आणि या सगळ्याची मुख्य जबाबदारी बाऊचची. योलंड आणि बार्लो यांनी कुणा व्यक्तीवर ठपका ठेवायचं टाळलं. चार महिन्यांनी, ३० ऑक्टोबर १८८० रोजी, बाऊच वारला.

नेमकं आधी काय तुटलं, यावर अभियंते अजून बोलतात. काहींच्या मते एकट्या वाऱ्याच्या जोरानंच खांब कलंडले असते. काहींनी व्हॅलेंटाइनचे ते फोटो मोठे करून पाहिले, आणि त्यांना कानांवर धातू थकल्याच्या खुणा दिसल्या. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एकदाच कधी तरी सहज तुटते, तसा हा थकवा. गाडी आली, खांब हलला, कानाला झटका बसला, चीर केसभर पुढे गेली. दीड वर्षात अशा गाड्या हजारोंनी गेल्या. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण नोबलनं ऐकलेली खडखड त्यात बसते. तो झटक्यांचाच आवाज होता.

वाऱ्याबद्दल मग नियम झाला. ब्रिटनमध्ये रेल्वेपुलांसाठी ५६ पौंड धरायचे ठरलं. फोर्थवर बाऊचच्याच आराखड्यानं झुलता पूल उभा राहायचा होता, पायाचा दगडही बसला होता. तो आराखडा रद्द झाला आणि जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांनी नवा पूल पोलादात बांधला. तो १८९० मध्ये उघडला आणि आजही वापरात आहे. त्याचे नळ्यांचे प्रचंड पाय खाली रुंद फाकवून रोवलेले आहेत. कुणीही न सांगता तो पूल बघितला तरी कळतं, की बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टे होती.

टेवरही दुसरा पूल झाला. आराखडा केला चौकशीतल्याच बार्लोंनी, मुलाला सोबत घेऊन. बांधला विल्यम अॅरल यांच्या कंपनीनं. जुन्या पुलापासून साठ फुटांवर, नदीच्या वरच्या अंगाला, दुहेरी मार्गाचा, जाडजूड खांबांचा. १८८७ च्या जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या. नदीतून काढलेलं ते २२४ क्रमांकाचं इंजिन दुरुस्त होऊन १९१९ पर्यंत धावलं. रेल्वेतले लोक त्याला ‘पाणबुड्या’ म्हणायचे.

एडिनबऱ्याहून डंडीला जाताना गाडी टेवर चढली की उजव्या बाजूच्या खिडकीतून जुन्या पुलाचे चौथरे दिसतात, पाण्याच्या थोडे वर, एका रांगेत, पलीकडच्या काठापर्यंत. आणि ज्या पुलावरून गाडी जात असते, त्याच्यात पहिल्या पुलाचेच गर्डर आहेत. १८७९ च्या वादळात जे गाळे उभे राहिले होते, त्यांच्या घडीव लोखंडाच्या तुळया तपासून, बाजूला सरकवून नव्या खांबांवर चढवल्या गेल्या. त्या आजही गाड्या पेलतात.